मीरा नावाची गाडी

मी काशीमीरा नाक्याजवळ राहतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा हा नाका. रात्रंदिवस ट्रक, टँकर, एसटी, रिक्षा. इतकी वर्षं या आवाजात झोपूनही मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. जे थोडंफार कळलं, ते आमच्या इमारतीतल्या काकांमुळे.

काका निवृत्त इंजिनिअर. त्यांच्याकडे एक पिवळी नॅनो आहे. तिच्यातून त्यांच्याबरोबर पेट्रोल पंपावर जाणं हा एक कार्यक्रमच असतो. पंपावरचा नवा मुलगा नळी हातात घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो, पण टाकीचं झाकण काही सापडत नाही. मग काका उतरतात आणि पुढचं बॉनेट उघडतात. टाकीचं तोंड तिथे! मुलगा विचारतो, "मग इंजिन कुठे?" काका खुशीत सांगतात, "मागे."

जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. किंमत एक लाख रुपये सांगितली होती. पावसात एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना तिची कल्पना सुचली, हे आपण सर्वांनी वाचलेलं आहे. काका त्यापुढचं सांगतात. चाकाला चारऐवजी तीनच नट. वायपर एकच. सुरुवातीच्या गाड्यांना मागचं दार उघडतच नसे. इंजिन दोनच सिलिंडरचं, ६२४ सीसी. "कवी, गाडीत काय घालायचं हे कुणीही सांगेल. काय काढलं तरी गाडी चालेल, हे ठरवायला इंजिनिअर लागतो." २०१८ साली नॅनोचं उत्पादन थांबलं. काकांची मात्र अजून चालते.

एकदा मी गमतीनं म्हणालो, "काका, या गाडीचं नाव मीरा ठेवायला हवं होतं. आपल्या गावाचं."

काका हसले नाहीत. म्हणाले, "मीरा होऊन गेली. इचलकरंजीला."

इचलकरंजी म्हणजे यंत्रमागांचं गाव. तिथे शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ होते. शाळेचं शिक्षण जेमतेम, पण यंत्र उघडून पाहिलं की त्याची भाषा कळायची. सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी आपल्याच देशात बनली पाहिजे, हे त्यांच्या मनानं घेतलं. स्वातंत्र्य मिळालं त्या काळात त्यांनी काम सुरू केलं आणि १९४९ साली त्यांची पहिली दोन आसनी गाडी रस्त्यावर आली. तिला एमएचके १९०६ हा रीतसर नंबरही मिळाला. एक गाडी चालली म्हणून ते थांबले नाहीत. सुधारत सुधारत, एकामागून एक नमुने करत ते १९७० पर्यंत आले. गाडीचं नाव मीरा. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवण्याचा त्यांचा हिशेब होता.

पण तो काळ परवान्यांचा. कोणता कारखाना काय आणि किती बनवणार, हे सरकार ठरवत असे. रस्त्यावर मुख्यतः ॲम्बॅसेडर आणि फियाट, आणि त्यांच्यासाठीही वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. मीरा कारखान्यापर्यंत पोहोचलीच नाही. देशातल्या मध्यमवर्गाला छोटी गाडी मिळाली ती डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० च्या रूपानं.

मी म्हणालो, "सरकारनं त्यांना वाऱ्यावर सोडलं म्हणा ना."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सरकारचं सोडा, कवी. मी स्वतः एकाला परत पाठवलंय."

काका तरुण असताना एका कारखान्यात होते. एक शेतकरी तिथे पोत्यात गुंडाळून एक अवजार घेऊन आला. स्वतः बनवलेलं, कोळपणीचं. काकांनी ते हातात घेऊन पाहिलं. बरं वाटलं. मग विचारलं, "याचं ड्रॉइंग कुठे आहे?" शेतकरी म्हणाला, "ड्रॉइंग नाही, साहेब. वस्तूच आणलीय." काकांनी सांगितलं, ड्रॉइंग घेऊन या. तो पुन्हा आला नाही.

"ड्रॉइंग मागणं चूक नव्हतं," काका म्हणाले. "त्याशिवाय दुसरी वस्तू पहिलीसारखी बनत नाही. पण ते काढता मला येत होतं, त्याला नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. चाळीस वर्षं झाली, तो अर्धा तास मला टोचतोय."

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट आपल्याला आठवत असेल. मुलाच्या हट्टापायी त्यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आली. मला आनंद झाला. काकांनाही झाला. पण ते म्हणाले, "नियम वाईट नसतात. ब्रेक लागला नाही तर समोरच्याला तुमच्या कल्पकतेचं काय करायचंय? म्हणून तर जाणत्यानं शेजारी बसायचं. आपण जुगाड म्हणून टाळ्या वाजवतो आणि घरी जातो."

हे ऐकताना मला माझीच आठवण झाली. आमच्या घरात दखनी बोलली जायची. कॉलेजात असताना मी एका मासिकाला मराठी कविता पाठवली. ती परत आली. पण प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त होऊन, खाली 'पुन्हा पाठवा' असं लिहून. त्या संपादकांनी नुसतं 'आधी शुद्धलेखन शिका' म्हटलं असतं तर ते खोटं नसतं. मी मात्र आज तुमच्याशी बोलत नसतो. आणि खरं सांगायचं तर, अलीकडे कुणी वही घेऊन आलं, की दोन पानांतल्या चुका पाहून ती मिटून परत देणारा मीही आहे.

मागच्या महिन्यात नाक्यामागच्या गॅरेजमधल्या एका पोरानं रिक्षाला बाहेर सरकणारी पायरी बसवली. आईचे गुडघे दुखतात, तिला चढता येत नाही म्हणून. काकांना कळलं तसे ते कागद, पट्टी आणि टेप घेऊन निघाले. मलाही ओढलं. तासभर प्रश्न चालले. पत्रा किती जाड? वजन किती पेलेल? तुटली तर कुठे तुटेल? सरकताना मागून स्कूटर आली तर? पोरगा आधी बावरला, मग भराभर बोलू लागला. दोन ठिकाणी पायरी बदलावी लागेल हे त्याचं त्यालाच उमगलं.

ड्रॉइंग पूर्ण झाल्यावर काकांनी खाली उजव्या कोपऱ्यात त्या पोराचं नाव लिहिलं. त्यानं वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काका, नावात दुसरी वेलांटी येते."

काकांनी माझ्याकडे हात पुढे केला. "कवी, खोडरबर द्या."