अप्पूचा आवाज कोणाचा?

(एरंडोल येथे तरुण आणि पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन बुजुर्गांनी मला थांबवून विचारलं, "मोहल्ल्यात तालीम, रोजगार, कागदपत्रं असे एवढे प्रश्न असताना व्हिडिओ गेमवर भाषण कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर साधं आहे. आपली मुलं रोज दोन-दोन तास गेममध्ये असतात. म्हणजे ती जागासुद्धा आता आपल्या मोहल्ल्याचाच एक भाग झाली. तिथे आपल्या मुलांना कोणत्या नावाने हाक मारली जाते, हे आईबापांना माहीत असायला हवं.

मी एका जुन्या गेमपासून सुरुवात करतो. त्यात एक भारतीय दुकानदार आहे आणि त्याच्याकडून आपल्याला बरंच शिकता येईल.

'द सिम्पसन्स' ही अमेरिकेतली कार्टून मालिका १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली आणि अजून चालू आहे. स्प्रिंगफील्ड नावाचं काल्पनिक गाव. होमर हा अणुवीज केंद्रात काम करणारा आळशी बाप, मार्ज ही त्याची बायको, बार्ट, लिसा आणि तान्ही मॅगी ही मुलं. घरातली भांडणं, शेजारपाजार, शाळा, चर्च, नगराध्यक्ष, सगळ्यांची थट्टा. याच गावात एक भारतीय माणूस किराणा दुकान चालवतो. त्याचं नाव अप्पू नाहासापीमापेटिलॉन. हे आडनाव भारतात कुठेही सापडणार नाही. ते हसण्यासाठीच बनवलं आहे. अप्पू पहिल्यांदा दिसला तो २५ फेब्रुवारी १९९० च्या भागात. मालिकेनुसार तो कॉम्प्युटर सायन्समधला डॉक्टरेट आहे, पण गावाला तो फक्त गल्ल्यावर दिसतो. त्याला आवाज दिला हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकन नटाने. भारतीय माणूस इंग्रजी कसा बोलत असेल याचा अमेरिकेत जो एक ठरलेला नमुना होता, त्याच चालीत.

मालिका गाजली तसे तिच्यावर गेम निघाले. १९९१ साली कोनामी कंपनीने नाणं टाकून खेळायचा गेम काढला. त्यात खेळणाऱ्याला चौघांपैकी एक होता येत होतं: होमर, मार्ज, बार्ट किंवा लिसा. म्हणजे फक्त घरचे लोक. २००३ साली 'द सिम्पसन्स: हिट अँड रन' आला. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या रॅडिकल एंटरटेनमेंटने तो बनवला. यात अख्खं स्प्रिंगफील्ड उघडं आहे. गाडीत बसा, रस्त्यावर फिरा, कामं पूर्ण करा. एकूण सात टप्पे. पहिला होमरचा, दुसरा बार्टचा, तिसरा लिसाचा, चौथा मार्जचा. आणि पाचवा अप्पूचा.

ही गोष्ट छोटी वाटते, पण नीट बघा. मालिकेत अप्पू बोलतो, लोक हसतात, कॅमेरा पुढे जातो. गेममध्ये तसं करता येत नाही. पाचवा टप्पा पार करायचा तर अप्पूलाच चालवावं लागतं. त्याची घाई ती तुमची घाई, त्याची गाडी ठोकली तर नुकसान तुमचं. जो काल हसत होता त्याला आज त्याच्या जागेवर बसावं लागतं. हे काम चित्रपट, पुस्तक किंवा भाषण इतक्या सहज करू शकत नाही.

कथाही ऐकण्यासारखी आहे. गावात एक नवा कोला आला आहे आणि तो पिऊन लोकांचं डोकं फिरतंय. तो अप्पूच्या दुकानातूनही विकला गेला. अप्पू शोध घ्यायला निघतो, कारण माल त्याच्या हातून गेलाय आणि त्रास त्याच्या गावाला होतोय. तो कोणाकडे दाद मागत बसत नाही, चांगल्या नागरिकासारखा कामाला लागतो. ट्रकचा माग काढत तो संग्रहालयापर्यंत पोहोचतो आणि या सगळ्यामागे कोण आहे ते त्याला कळतं.

इथे मात्र लिहिणाऱ्यांचा हात आखडला. खरं संकट समोर येतं तेव्हा अप्पू घाबरतो. तिथेच उभा असलेला बार्ट ते ऐकतो आणि "मी बघतो" म्हणून पुढे येतो. पुढचे दोन टप्पे बार्ट आणि होमरचे. परका माणूस मेहनत करणार, माहिती आणणार आणि ऐन वेळी मागे सरणार. गाव वाचवण्याचा मान घरच्या मुलांचा.

आता आपल्या एरंडोलची गोष्ट आठवा. आपलं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रनगरी, असं इथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. पांडव वेश पालटून एका घरी पाहुणे म्हणून राहिले होते. गावाला रोज बकासुराकडे गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवावा लागायचा. यजमानाच्या घरावर पाळी आली तेव्हा कुंतीने भीमाला पाठवलं. तो गाडा हाकत गेला आणि त्याने काम पुरं केलं. बाहेरून आलेला, नाव लपवून राहिलेला माणूस गाव वाचवतो आणि गोष्ट त्याला शेवटपर्यंत गाड्यावर बसू देते. माझ्या मते गोष्ट सांगण्याची ही रीत स्प्रिंगफील्डपेक्षा मोठ्या मनाची आहे. इथल्या एका जुन्या वास्तूला काही जण पांडववाडा म्हणतात, काही जुम्मा मशीद. तो वाद न्यायालयात गेला आहे, त्यावर मी आज बोलणार नाही. पण भीमाची ही गोष्ट या सभागृहातल्या प्रत्येकाची आहे आणि ती सांगायला मला कोणाची परवानगी लागू नये.

मी कॉम्प्युटर क्लास चालवतो. 'हिट अँड रन' आमच्याकडे सीडीवर आला तेव्हा मुलांनी 'सिम्पसन्स' मालिका पाहिलेली नव्हती. त्यांनी अप्पू पाहिला आणि म्हणाली, "हा तर आपल्यातला दिसतो." त्याच्या बोलण्यात हसण्यासारखं काय आहे, हे मात्र एकालाही कळलं नाही. कारण आमच्याकडे सगळ्यांचंच इंग्रजी तसं!

हसू नका, कारण मुद्दा तिथेच आहे. विनोद अप्पूच्या बोलण्यात नसतो, ऐकणाऱ्याच्या कानात असतो. आपण घरात उर्दू बोलतो, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी. इथला मुलगा शिकायला पुण्याला जातो, मग तो पाटलांचा असो की पिंजाऱ्यांचा. खोलीत पहिल्यांदा तोंड उघडलं की कोणीतरी हसतं. त्या दिवशी खानदेशचा प्रत्येक मुलगा अप्पू असतो. मुस्लिम मुलाच्या वाट्याला तेच दोनदा येतं, एवढाच फरक.

आणि आपण स्वतः? 'मोटू पतलू' तुमच्या घरी लागतच असेल. 'लोटपोट' मासिकातली ही जोडी मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओने २०१२ साली टीव्हीवर आणली. तिच्यावरही मोबाइल गेम निघाले. त्यातला इन्स्पेक्टर चिंगम आठवतो? दाक्षिणात्य ढंगाचं हिंदी बोलतो, हवेत गोळी झाडतो आणि नारळ त्याच्याच डोक्यावर पडतो. आपली मुलं खळखळून हसतात. चेन्नईतून आलेला एखादा मुलगा आपल्या मुलांच्या वर्गात बसला, तर ती त्याला काय म्हणून हाक मारतील? मालिका बंद करा असं मी म्हणत नाही. हा प्रश्न मुलांना जेवताना विचारा, एवढंच म्हणतो. जो स्वतःच्या थट्टेवर बोट ठेवतो त्याने दुसऱ्याच्या थट्टेकडेही बघायला हवं. आपल्या घरातही तडवी भिल्लांवर, बाईच्या अकलेवर विनोद होतात. तेही याच खात्यात जमा धरा.

सिम्पसन्स मालिकेने चांगलं कामही केलं आहे, ते न सांगणं अन्याय होईल. मे १९९६ मधला एक भाग आहे. कर वाढला म्हणून लोक चिडतात. नगराध्यक्ष अंगावर आलेलं बाहेरून आलेल्यांवर ढकलतो. कालपर्यंत अप्पूच्या दुकानातून दूध नेणारे लोक त्याला हाकलायला मतदान करायला निघतात. अप्पू भीतीपोटी खोटे कागद मिळवतो, मग ते त्याच्या मनाला पटत नाही, शेवटी अभ्यास करून नागरिकत्वाची परीक्षा देतो आणि पास होतो. कागदांची भीती काय असते हे इथे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. कराचा राग शेजाऱ्यावर कसा वळवला जातो, हे त्या वीस-बावीस मिनिटांत लख्ख दाखवलं आहे.

दुसरा भाग ३० नोव्हेंबर २००८ चा. आपल्याकडे मुंबईवरचा हल्ला आदल्याच दिवशी संपला होता. योगायोगाने त्या भागात बार्टची दोस्ती बशीर या मुस्लिम मुलाशी होते. त्याचं कुटुंब जॉर्डनहून आलेलं. बशीरचा बाप जुन्या इमारती सुरुंगाने पाडायच्या धंद्यात आहे. होमरला वाटतं, हा घातपात करणार. शेवटी होमरचा संशय खोटा ठरतो, त्याला माफी मागावी लागते. इथे थट्टा संशय घेणाऱ्याची होते. विनोदाचं तोंड कुठे वळवायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं, याचा हा पुरावा.

मग अप्पूचं पुढे काय झालं? २०१७ साली हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या अमेरिकन विनोदी कलाकाराने 'द प्रॉब्लेम विथ अप्पू' हा माहितीपट केला. शाळेत आपल्याला अप्पूच्या नावाने आणि चालीत चिडवलं जायचं, हे त्याने आणि त्याच्यासारख्या अनेकांनी त्यात सांगितलं. एप्रिल २०१८ मध्ये मालिकेने उत्तर दिलं: पूर्वी जे चालायचं ते आता चालत नाही, त्याला आम्ही काय करणार? लोक आणखी नाराज झाले. जानेवारी २०२० मध्ये अझारियाने जाहीर केलं की तो अप्पूला आवाज देणार नाही. २०२१ मध्ये त्याने भारतीयांची माफीही मागितली. माणूस ऐकतो आणि बदलतो, ही चांगली गोष्ट आहे.

पण त्यानंतर अप्पू गप्प झाला. आता तो कधी गर्दीत उभा दिसतो, पण बोलत नाही. एखाद्या भारतीय लेखकाने त्याला नवे शब्द द्यावेत, भारतीय नटाने आवाज द्यावा, तसं घडलं नाही. आधी थट्टा, नंतर शांतता.

आता मी आपल्या मुलांकडे येतो. माझ्या क्लासमधली मुलं मोबाइलवर अनोळखी लोकांबरोबर टोळी करून खेळतात. एकमेकांशी बोलायला माइक असतो. नाव वाचून किंवा बोलणं ऐकून काय काय म्हटलं जातं, ते मी इथे उच्चारणार नाही. "तिकडे जा" यातला 'तिकडे' कुठला, ते तुम्हाला कळतं. मुलांनी यावर स्वतःच तोडगा काढला आहे. काहींनी नाव बदलून टाकलं, कोणी 'टायगर', कोणी 'शॅडो'. नववीतला एक मुलगा मला सहज म्हणाला, "सर, मी माइक बंद ठेवतो. बोललं की कळतं ना." तो रडत नव्हता, तक्रारही करत नव्हता. चौदाव्या वर्षी त्याने ठरवून टाकलं आहे की खेळायचं असेल तर आवाज घरी ठेवून यायचा.

त्याचं आणि अप्पूचं मौन एकच आहे. मला त्याची काळजी वाटते ती गेमपुरती नाही. उद्या हाच मुलगा कॉलेजात, ऑफिसात, ग्रामसभेत माइक बंद ठेवील.

उपाय काय? गेमवर बंदी घालून आवाज परत येत नाही. नुसत्या निषेधानेही भागत नाही, जरी निषेध करायला हवा आणि गेममध्ये तक्रारीचं बटण असतं ते दाबायलाही शिकवायला हवं. तिसरा रस्ता आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९९० साली, म्हणजे अप्पू पडद्यावर आला त्याच वर्षी, सोलापुरात पहिलं अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. कथा-सिनेमांत आपण एक तर नवाब होतो नाही तर गुंड, सुरमा घातलेला आणि मोडकं मराठी बोलणारा. त्या संमेलनात लोकांनी ठरवलं की आपली गोष्ट आपण, मराठीत, लिहायची. आज त्या कामाची पुढची पायरी कोणती? माझ्या मते, गेम बनवणं.

हे वाटतं तेवढं अवघड नाही. 'गोडो' नावाचं गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चित्रांसाठी 'ब्लेंडर' फुकट आहे, आवाज ध्वनिमुद्रित करायला 'ऑडॅसिटी' फुकट आहे. लागतो एक साधा कॉम्प्युटर, चार-पाच मुलं-मुली आणि एक उन्हाळा. मुलींवर मी मुद्दाम जोर देतोय. क्लासमध्ये त्या मागच्या खुर्चीवर बसून भावाला खेळताना बघतात, हे बदलायला हवं.

या सुट्टीत आपण एरंडोलचाच एक छोटा गेम करू. बाजार, अंजनी नदी, बस स्टँड, आपले मोहल्ले, शाळा. सात टप्पे ठेवू, प्रत्येक टप्प्यात वेगळ्या घरचा माणूस: भाजीवाली, पिंजारी, शिक्षिका, केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर. सगळ्या आळ्यांतली मुलं घेऊ, एकाच मोहल्ल्याचा गेम करायचा नाही. नियम दोनच. प्रत्येक पात्राला आवाज त्याच भाषेत वाढलेल्याने द्यायचा, मग ती अहिराणी असो, उर्दू असो की तडवी. आणि कोणतंही पात्र ऐन वेळी घाबरून मागे सरणार नाही, आपला टप्पा ते स्वतः पूर्ण करील.

बाहेर वही ठेवली आहे. ज्या आईबापांना मुलं पाठवायची आहेत त्यांनी नावं लिहून जावीत. नाव पूर्ण लिहा, आडनावासकट.