जुनी कंबरदुखी : निदान आधी, उपचार नंतर

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



नांदेड-लातूरकडील आपल्या खेड्यांत कंबर धरली की बिब्ब्याचा चटका देण्याची रीत जुनी आहे. माझ्या आईच्या कंबरेवर असे तीन डाग होते. दुखणे मात्र अखेरपर्यंत राहिले. आज वैद्यकशास्त्रातही उष्णतेचा एक उपचार आहे. तो कोणासाठी व केव्हा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कण्याच्या तळाशी त्रिकास्थी हे तिकोनी हाड असते. दोन्ही बाजूंस ते कटीच्या हाडांशी जोडलेले असते. हे सांधे फारसे हलत नाहीत. परंतु धडाचा सारा भार त्यांच्यावरून पायांकडे जातो. पडणे, बाळंतपण, सांध्यांचा दाह अशा कारणांनी ते दुखू लागतात. कंबरेखाली बहुधा एका बाजूस कळ येते व बसून उठताना वाढते. पुष्कळजण तिला ‘गादी सरकली’ असे समजतात.

औषधे व व्यायाम यांनी काही महिन्यांत आराम पडला नाही, तर डॉक्टर क्ष-किरणांच्या साहाय्याने तेथे बधिरतेचे इंजेक्शन देऊन पाहतात. तेवढ्या काळापुरती वेदना बरीच ओसरली, तर दुखण्याचे मूळ तेथे असल्याचे मानतात. मगच रेडिओलहरींच्या साहाय्याने, सुमारे ८० अंश सेल्सिअस उष्णतेने, सांध्याची वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसा सुईवाटे निकामी करतात.

या नसा पुन्हा वाढू शकतात. म्हणून लाभ झाला तरी तो बहुधा काही महिने ते वर्षभर टिकतो. नेदरलँड्समधील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, व्यायामाला या उपचाराची जोड दिल्याने केवळ व्यायामापेक्षा म्हणावा तसा अधिक लाभ आढळला नाही. तेव्हा यासाठी कर्ज काढण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा.

कंबरदुखीबरोबर ताप असेल वा वजन घटत असेल, तर क्षयासारख्या रोगाची शंका घ्यावी. तरुणाची कंबर सकाळी ताठरत असेल व हालचालीने सैल होत असेल, तर संधिवाताची तपासणी करावी. लघवीवरचा ताबा सुटल्यास एक दिवसही थांबू नये. नांदेडजवळ विष्णुपुरीस डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तेथील अस्थिरोग विभागाचा मार्ग गावकऱ्यांना आपणच दाखवावा.

वेदना ही शरीराने दिलेली वर्दी होय. ती बंद करण्यापूर्वी ती कशाची आहे, हे विचारण्याची सवय आपण गावाला लावू या.