सेंद्रिय मालाचं छोटं दुकान

सेंद्रिय धान्याचं दुकान काढायचं तर अन्नसुरक्षा नोंदणी लागतेच. ती ऑनलाइन करता येते. खरा कस लागतो तो माल घेताना.

पाकिटावर हिरव्या अक्षरांत ‘सेंद्रिय’ छापलं म्हणजे झालं नाही. ‘जैविक भारत’चं चिन्ह पाहा. त्यामागे एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचं प्रमाणपत्र असतं, त्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते. किंवा पीजीएस-इंडियाचं, त्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो. एनपीओपीच्या मालाबाबत पुरवठादार शेताचं प्रमाणपत्र दाखवेल, पण तेवढ्यावर थांबू नका. हा माल त्याच शेतातला, इतक्याच वजनाचा, असं सांगणारं व्यवहाराचं प्रमाणपत्र मागा.

आता गूळच घ्या. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागतं, आणि तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस नावाच्या रासायनिक पावडरीचा असतो. भेंडीच्या झाडाच्या चिकट रसाने मळी काढलेला गूळ तांबूस, काळपट दिसतो. मात्र नुसता गडद रंग हा पुरावा नव्हे. हंगामात गुऱ्हाळावर स्वतः जा, काहिलीत काय पडतं ते उभं राहून बघा. ऊस कोणाचा, तेही विचारा.

ओळखीचा छोटा शेतकरी आपला माल थेट ग्राहकाला प्रमाणपत्राशिवाय विकू शकतो. तोच माल तुमच्या दुकानातून ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा, तर प्रमाणपत्र हवंच. ते नसेल तर पाटीवर फक्त शेतकऱ्याचं आणि गावाचं नाव लिहा, आणि गिऱ्हाइकाला खरं ते सांगा.