हृदयरोग व रक्ताची साक्ष

(महोत्सवानिमित्त जमलेल्या मंडळीपुढें केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं आम्ही हृदयरोगाचा विषय काढावा, ह्याचें आपणांस नवल वाटेल. परंतु जुन्नर व आंबेगांव ह्या आपल्या दोन तालुक्यांत आजाऱ्यांच्या समाचारास जातांना एक गोष्ट आम्हांस वारंवार दिसते. पुरुषाच्या छातींत कळ आली कीं लागलीच गाडी काढून त्यास मंचरास किंवा नारायणगांवास नेतात. बाईच्या छातींत कळ आली कीं "पित्त झालें असेल" असें म्हणून ती ओवा चावीत कामास लागते. हा भेद निसर्गानें केलेला नाहीं, तो आपण केला आहे.

हृदयरोग म्हणजे लठ्ठ व श्रीमंत पुरुषांचा रोग, ही समजूत खरी नव्हे. इ. स. २००४ मध्यें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं स्वतःच्याच शरीरांचीं मापें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच होतें. परंतु युडकिन ह्यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक ह्यांच्या अंगांत शेंकडा २१.२ भरली! तेव्हां सडपातळ देह पाहून निर्धास्त राहूं नये. आपल्या लोकांत कमरेचा घेर पुरुषाचा ९० व स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या आंत असावा. कालव्याचें पाणी आलें, मोट जाऊन पंप आला, अंगमेहनत घटली. ताटांत मात्र त्या मानानें फरक पडला नाहीं.

त्याच वर्षीं ५२ देशांतील 'इंटरहार्ट' संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तांतील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनाचा ताण इत्यादि नऊ गोष्टींशीं हृदयाच्या पहिल्या झटक्याचा पुरुषांतील शेंकडा ९० व स्त्रियांतील शेंकडा ९४ धोका निगडित आढळला. स्त्रियांस झटका सुमारें ९ वर्षें उशिरां येतो. परंतु मधुमेह व रक्तदाब त्यांस पुरुषांहून अधिक बाधतात. गरोदरपणीं जिचा रक्तदाब वा साखर वाढली होती, तिनें बाळंतपणानंतरही तपासणी सोडूं नये. आणि मिश्री लावणाऱ्या भगिनींनो, मिश्री म्हणजेही तंबाखूच!

आतां रक्ताची साक्ष ऐका. हृदयास उपकारक अशी जी चरबी रक्तांत असते, ती दर १०० मिलिलिटर रक्तांत पुरुषास निदान ४० व स्त्रीस निदान ५० मिलिग्रॅम असावी. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी शेंकडा ६.५ वा अधिक आली, तर तें मधुमेहाचें लक्षण होय. हृदयाच्या स्नायूस इजा झाली म्हणजे ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन रक्तांत उतरतें. त्याच्या एका अतिसूक्ष्म तपासणींत पुरुषांची मर्यादा लिटरमागें ३४ नॅनोग्रॅम, तर स्त्रियांची १६ धरतात. पुरुषाच्या मापानें स्त्रीस मोजलें, तर तिचा झटका ध्यानांत न येण्याचा संभव असतो. म्हणूनच, "पुरुषास होतें तसें हिला होत नाहीं" एवढ्यावरून तिचें दुखणें खोटें ठरवूं नये. तिलाही बहुधा छातींतच दुखतें. परंतु त्यासोबत धाप, मळमळ, पाठींत वा जबड्यांत कळ आणि विलक्षण थकवा हींही लक्षणें असूं शकतात.

बंधूंनो, आपण तपासणीस जातां तेव्हां घरधनीण पिशवी धरून बांकावर बसलेली असते. तिचेंही नांव कागदावर घाला. वयाच्या ३० वर्षांपुढील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रांत तपासतात. रक्तांतील चरबीची तपासणी वैद्यांच्या सल्ल्यानें करवून घ्यावी. छातींत कळ येऊन घाम सुटला, तर ओवा-सोड्यांत वेळ न दवडतां १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मग रोगी पुरुष असो वा स्त्री.

ह्या महोत्सवाची आठवण म्हणून प्रत्येक घरानें एवढें एक करावें: येत्या महिन्याभरांत नवराबायकोनें जोडीनें तपासणीस जावें आणि दोघांचे कागद घरीं एकत्र जपून ठेवावे, हीच आमची आपणां सर्वांस कळकळीची विनंती आहे.