आधी सचिवांना विचारा

सहकारी पतपुरवठ्याच्या संगणकप्रणाल्या लिहिणाऱ्या, चालवणाऱ्या नि त्यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्या मित्रांनो,

टेंभुर्णीकरांनी या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मला दिला. उजनीच्या पाण्यावर ऊस वाढला, उसापाठोपाठ पीककर्जाची खाती वाढली. आपल्यासारख्यांनी जमायला गाव योग्यच. अध्यक्षानं आढावा घ्यायचा असतो. तो असा : २०२२ साली केंद्रानं ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. पुढचं छापील अहवालात आहे. मला आज भांडायचं आहे.

सकाळभर वाद रंगला : दोन कर्जदार-ऑब्जेक्ट समान कधी मानायचे? एक पक्ष म्हणाला, आयडी जुळला की समान. दुसरा म्हणाला, सगळे रकाने जुळले पाहिजेत. समानता ठरवणारं ‘इक्वल्स’ बदलताना त्याच्या जोडीचं ‘हॅशकोड’ विसराल तर मॅपमध्ये ठेवलेलं खातं परत सापडणार नाही, असा इशाराही कुणी दिला. बरोबर आहे. पण समान म्हणजे कोणत्या कामासाठी समान, हे एकानंही विचारलं नाही.

याच भागातल्या एका सोसायटीत एका तरुणाला पीककर्ज नाकारलं गेलं. पडद्यावर तो थकबाकीदार; बाकी मात्र त्याच्या आजोबांची. आपल्याकडं आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. घराण्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं की आजोबा आणि नातू यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अक्षरशः एकच होतं. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीच्या मुलानं पुण्यातून लगेच दुरुस्ती पाठवली : तुलनेत गट नंबर घेतला. पण वारसनोंदीनं जमीन नातवाकडं आलेली, गट नंबरही तोच! मग त्यानं जन्मतारीख घेतली. आजोबांच्या एका खात्यावर १ जून, दुसऱ्यावर रकाना रिकामा. झालं, आजोबांचेच दोन आजोबा झाले आणि एक खातं थकबाकीच्या यादीतून गळालं.

शेवटी मी सोसायटीच्या सचिवांपुढं जाऊन बसलो. ते म्हणाले, “साहेब, नवीन कर्जाला नातू वेगळा सभासद, त्याचा शेअर वेगळा. आजोबांच्या बाकीची नोटीस वारस म्हणून त्यालाच जाईल, पण वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरती. तुम्हाला यातलं नक्की काय पायजे?” खतावणीत त्यांनी लाल शाईनं ‘थोरले’, ‘धाकटे’ असं कधीच लिहून ठेवलं होतं. आपण खतावणी संगणकात घेतली तेव्हा लाल शाईला रकाना नव्हता.

हे एका सोसायटीपुरतं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीची दीड लाखाची मर्यादा मुळात कुटुंबाला होती : पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुलं. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांची मर्यादा आली ती व्यक्तीला. नवरा-बायकोची खाती तीच. एकदा लाभार्थी एक, एकदा दोन. रिझर्व्ह बँकेचं बघा. बँकेच्या कर्जदाराचं एक खातं अनुत्पादक झालं की त्याची सगळी होतात. पण बँकेनं सोसायटीला पुढं वाटायला दिलेल्या कर्जात जी कर्जसुविधा थकली तेवढीच अनुत्पादक. आता सांगा, यातलं कुठलं ‘इक्वल्स’ क्लासमध्ये कोरून ठेवणार? तक्रार आली की पहिला हात कोडला घालणाऱ्यांना मी प्रोग्रामर म्हणत नाही. पोरं हुशार आहेत, हाच त्रास आहे. चुकीच्या प्रश्नाचं उत्तर फार लवकर देतात.

आणि ते सचिव आता निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी येणारा पडद्यावर दिसतं तेच खरं मानतो.

तेव्हा प्रत्येक संस्थेची नियमांची वही व्हावी : कर्जमंजुरीला कोण एक, वसुलीला कोण एक, माफीला कोण एक. उपविधी, परिपत्रकं, सचिवांच्या तोंडी असलेलं, सगळं त्यात यावं. कोण लिहील, खर्च कुणाचा, ते दुपारच्या बैठकीत बघू. एखादी समितीही नेमता येईल. पण माझ्या देखरेखीतल्या संस्थांपुरतं आजच सांगून ठेवतो : नियमाखाली सचिवांची सही नसेल तर तुलनेची एकही दुरुस्ती चढणार नाही. मार्चअखेर असली तरी नाही.