विजेचा दर आणि आपली हरकत



वीज महागली की घरोघर कुरकुर होते. पण हा दर ठरतो कुठे आणि तिथे आपल्याला बोलता येतं का, हे फारसं कुणी विचारत नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

वाण्याने डाळ महाग केली तर आपण शेजारच्या दुकानात जातो. विजेचं तसं नाही. एकाच गल्लीत दोघांनी खांब रोवणं आणि तारा ओढणं परवडत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी वीज देणारी कंपनी एकच असते. तिला मन मानेल तो दर लावू दिला तर ग्राहक भरडला जातो. उलट, मतांसाठी दर खर्चाच्या खाली दाबून ठेवला तर जळालेली डीपी बदलायलाही पैसे उरत नाहीत. म्हणून कंपनी आणि सरकार या दोघांच्याही दबावाबाहेर असलेल्या कुणीतरी, दोन्ही बाजू ऐकून दर ठरवायला हवा. नियमनाचं मूळ तत्त्व हेच आहे.

हे तत्त्व नसलं तर काय होतं, ते महाराष्ट्राने दाभोळमध्ये पाहिलं. एन्रॉन कंपनीच्या तिथल्या वीज प्रकल्पाकडून वीज घेण्याचा करार राज्य वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये केला. त्यासाठी स्पर्धात्मक निविदा मागवल्या नव्हत्या, आणि अटींवर खुली सुनावणीही झाली नव्हती. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा होता. दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला होता. १९९९ मध्ये वीज येऊ लागली. रुपया घसरला, प्रकल्पाचं इंधन असलेला नाफ्था महागला आणि २००१ मध्ये मंडळाने ही वीज घेणं थांबवलं. करार झाला तेव्हा त्यातले आकडे चारचौघांत तपासणारी यंत्रणाच राज्यात नव्हती.

ती १९९९ मध्ये आली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि २००३च्या विद्युत कायद्याने त्याचे अधिकार भक्कम केले. दर बदलायचा तर कंपनीला आयोगापुढे याचिका दाखल करावी लागते. तिची जाहिरात वृत्तपत्रांत येते, हरकती मागवल्या जातात, निरनिराळ्या शहरांत जनसुनावणी होते. खर्च झाला म्हणून तो बिलात आला, असं होत नाही. तो गरजेचा होता का, हे आयोगाने पाहायचं असतं. आदेशात कारणं द्यावी लागतात, आणि त्याविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणात दाद मागता येते.

व्यवस्था चांगली आहे, पण तिच्या वाटेत अडचणी मोठ्या आहेत.

पहिली अडचण माहितीची. खरे आकडे कंपनीच्या हातात असतात. राज्यातल्या लाखो कृषिपंपांना मीटर नाहीत, त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगला की चोरी आणि गळती शेतकऱ्याच्या नावावर खपते. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी हा प्रश्न सुनावण्यांमध्ये आकडेवारीसह मांडला, म्हणून तो चव्हाट्यावर आला.

दुसरी अडचण राजकारणाची. एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर अनुदानाचे पैसे सरकारने आगाऊ द्यावेत, असं कायद्याचं कलम ६५ सांगतं. अनुदान थकलं की कंपनी कर्ज काढते. निवडणुका जवळ आल्या की दरवाढ पुढे ढकलण्याचा मोह होतो. मग तीच रक्कम पुढच्या बिलांत व्याजासह येते.

तिसरी अडचण स्वायत्ततेची, आणि तिचं उदाहरण पाण्याच्या नियमनात दिसतं. पाण्यासाठी आपण २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणलं. देशात अशी ही पहिलीच संस्था. पण सिंचनाचं पाणी औष्णिक वीज प्रकल्पांकडे वळवण्यावरून वाद पेटलेला असताना, २०११ मध्ये कायदा दुरुस्त झाला. शेती, उद्योग आणि घरगुती वापर यांच्यात पाणी वाटण्याचा निर्णय प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला. नेमका जो निर्णय सर्वांत वादाचा, तोच नियामकाच्या हातून काढून घेतला, तर नियामक असून उपयोग काय?

श्रोतेहो, सुनावणीला कंपनी वकील आणि लेखापाल घेऊन येते. ग्राहकांच्या बाजूने कुणी बोललंच नाही, तर आयोगापुढे एकच बाजू राहते. म्हणून याचिकेची जाहिरात दिसली की हरकत जरूर नोंदवा. एकट्याने जमत नसेल तर सोसायटीच्या, ग्रामसभेच्या किंवा ग्राहक संघटनेच्या नावाने नोंदवा. गळती किती, ती कशी मोजली, वीज कोणाकडून कोणत्या भावाने घेतली, सरकारकडून अनुदानाचं येणं किती, एवढं जरी विचारलं तरी त्याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल. याचिका मराठीत आणि सोप्या शब्दांत मिळावी, हा आग्रहही धरा. कायद्याने दिलेला हा अधिकार आपण वापरला, तरच आयोगाला निःपक्ष राहण्याचं बळ मिळेल.