कामाच्या सोबतीला वाद्यवृंद

मराठी घराघरांत भव्य वाद्यवृंद पोहोचवला तो ‘सैराट’ने. २०१६च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. ‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनांचा ताफा लाटेसारखा उठतो.

कामाला मात्र शब्दांविना संगीतच बरे. चांदूर रेल्वेच्या एखाद्या दुकानात खातेवही लिहिताना गाण्याचे बोल आकड्यांच्या आड येतात. अशा वेळी गुस्ताव होल्स्ट यांची ‘द प्लॅनेट्स’ ही सात भागांची, सुमारे ५० मिनिटांची रचना खरोखर उत्तम. तिच्यातला ‘मंगळ’ पाच मात्रांच्या करकरीत ठेक्यावर चालतो. पोती रचताना, झाडलोट करताना तो अंगात जोम भरतो. हिशेबाला संथ ‘शुक्र’ लावावा. आवाज बेताचाच ठेवावा, गिऱ्हाइकाची हाक ऐकू यावी इतका.